डाव्या तोंडाची गोगलगाय

अधारतालच्या बसमध्ये यशोधराच्या पुढच्या सीटवर बापलेक बसले होते. कॉलेजातल्या त्या मुलीनं पाण्याची बरणी धरली होती आणि तिच्यात शेंगदाण्याएवढी गोगलगाय होती.

“बाबा, हिचा शंख बिघडलेला आहे. बाकी सगळ्यांचं तोंड उजवीकडे, हिचंच डावीकडे.”

“शंखाचं टोक वर धरलं होतं ना? तोंड आपल्याकडे?”

“हो.”

“मग बिघडली काहून? ती फायसा आहे. तिची जातच डावी.”

“जन्मापासून?”

“अंड्यात असल्यापासून. पहा, तोंडाला झाकण नाही. श्वास घ्यायला वर येऊन राहिली. जन्मभर पोरांना हेच तर शिकवलं मी.”

“आणि कोणी तिला उजवीकडे वळवलं तर?”

“वेडी का तू, अवंतिका? शंख फुटेल, पण वळण बदलणार नाही.”

“दीदी, टिकट लीजिए,” कंडक्टर म्हणाला.

मुलीनं डावा हात पुढे केला.

“उजव्या हातानं घे,” बाबा हळूच म्हणाले. “लोक पाहून राहिले.”

मुलीनं बरणी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं तिकीट घेतलं. यशोधरा खिडकीबाहेर पाहू लागली.