पेनिशचा फाटा

— बोर्ड उलटा धरलाय होय? बरं झालं सांगितलंत. तरीच मघापासून लोक मान वाकडी करून बघत होते. आर्मांदो. नाही, पुढं मिस्टर-बिस्टर नाही लिहिलं, जागा नव्हती — म्हणजे जागा होती, राहिलं. पाहुणा आहे एक, पोर्तुगालचा. दुबईवरनं येतोय, विमान उतरलं म्हणून त्या पाटीवर दिसतंय, आता बॅगा यायच्या. तुम्ही फोनवर मराठी बोलत होता ना, "गॅस बंद केलास का" — बायकोच ना? — म्हणून इकडं सरकलो. पुण्याकडचे? सरी, बरं बरं. इथं मारतहळ्ळीला राहता? सरी सरी. आमचं मराठी ऐकून हसू नका हं, साडेतीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना इकडं येऊन — घरात मराठी, दारात कन्नड, ऑफिसात जे तोंडाला येईल ते. मी नरसिंह. रिटायर. रस्त्यांच्या खात्यात होतो. हसा, हसा, बेंगळुरात सगळेच हसतात.

ओळख कशी म्हणता? काही नाही हो, गाडीवाला आहे तो. मागच्या मे महिन्यात मी आणि कमला — माझी बायको — लिस्बनला गेलो होतो, मुलाकडं. रविकिरण तिथं सहा वर्षं आहे, कॉम्प्युटरमध्ये. तो म्हणाला, अप्पा, तुम्हाला समुद्रकाठची गावं दाखवायचीत, एक दिवस, प्रायव्हेट गाडी ठरवतो. प्रायव्हेट म्हणजे काय, तर पन्नास लोकांबरोबर झेंड्यामागं पळायचं नाही, आपली गाडी, आपला ड्रायव्हर, कमलाला थांबावंसं वाटलं की थांबायचं — आणि कमलाला दर अर्ध्या तासाला वाटतं. मी म्हटलं, तू? तर म्हणे मीटिंग आहे. ती मीटिंग खोटी होती, ते पुढं येईल. गाडीवाले माझ्या ओळखीचे आहेत, एवढंच बोलला. मीही जास्त विचारलं नाही. मला वाटलं, ओळखीचा म्हणजे दर कमी लावेल.

सकाळी आठाला आला. आठ म्हणजे आठ. साठीचा माणूस, डोक्याला चपटी टोपी, हात हे एवढाले, इंग्लिश मोजकं. कमलासाठी दार उघडलं, तिच्या गुडघ्याचं त्याला आधीच माहीत असल्यासारखी एक छोटी पायरी खाली ठेवली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं — पण मी काय म्हटलं मनात, सर्व्हिस चांगली आहे. पहिलं गाव एरिसेरा. पांढरी घरं, निळ्या पट्ट्या, खाली समुद्र. कमला पाण्यात उतरली, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, हात जोडले. मागं बघतो तर हा टोपी काढून उभा. मी त्याला म्हटलं, गाडीपाशी थांब, काचा उघड्या आहेत. गेला बिचारा. पाणी फार गार होतं हो तिथलं. आपल्या कारवारच्या समुद्रासारखं नाही, पाय घातला की बधिर, हिशेबात राहत नाही.

मग नाझारे. तिथं म्हणे डोंगराएवढ्या लाटा येतात, जगभरचे लोक बघायला जमतात. आम्ही मे महिन्यात गेलो, लाटा सुट्टीवर होत्या. बायका वाळूत मासे वाळत घालून बसल्या होत्या, कमलानं नाकाला पदर लावला आणि प्रत्येकीशी खुणांनी गप्पा मारल्या. दुपारी जेवायला एका हॉटेलात नेलं त्यानं. आम्हाला मासा चालत नाही, अंडं चालत नाही — आणि त्या हॉटेलवाल्याला सगळं ठाऊक! टोमॅटोचा भात, राजम्यासारखं काहीतरी, बटाटे. ह्यानं आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवलेलं. खिडकीपाशी टेबल. तीन ताटल्या. तीन हं. मी त्या तिसऱ्या ताटलीकडं बघितलं आणि त्याला म्हटलं, तुझं तिकडं लावायला सांग — स्वयंपाकघराच्या दारापाशी एक लहान टेबल होतं. तो स्वल्प थांबला. मग आपली ताटली आपणच उचलून तिकडं गेला.

असं बघू नका माझ्याकडं. पद्धत असते. तेहतीस वर्षं मला सरकारी जीप होती आणि गुंडो म्हणून ड्रायव्हर होता. देवमाणूस. रविकिरणला आठ वर्षं शाळेत त्यानं पोचवलं, पोराला कांजिण्या आल्या तेव्हा कडुलिंबाचा पाला गुंडोच घेऊन आला. पण जेवायला? बाहेर पायरीवर ताट. त्यानं कधी तक्रार केली नाही, मी कधी विचारलं नाही. रविकिरण लहानपणी आपलं ताट घेऊन पायरीवर जाऊन बसायचा त्याच्याशेजारी. मी आत ओढून आणायचो. पुन्हा जायचा. तेव्हा मला वाटायचं, पोरगं हट्टी आहे.

तर सांगत काय होतो — जेवण. माझ्याकडनं चूक झाली ती एवढीच, नकळत. घरी सगळ्यांना मी हेच सांगितलंय. मला काय माहीत तो कोण? कपाळावर लिहिलेलं असतं? ... नाही, कपाळावर नव्हतं. डब्यावर होतं. जेवण झाल्यावर तो गाडीतनं एक स्टीलचा डबा घेऊन आला, आमच्या टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाला, माय डॉटर मेक. आत बेसनाचे लाडू. चपटे झालेले, भाकरीसारखे, पण बेसनाचेच. आता पोर्तुगालच्या ड्रायव्हरची मुलगी बेसनाचे लाडू कशाला करील? तोपर्यंत मी झाकण हातात घेतलेलं. तुमच्याकडं भांड्यांवर नाव घालतात ना? आमच्या गृहप्रवेशाला कमलानं बारा डबे घेतले होते, आणि नाव घालणाऱ्याला कन्नडच येत होतं, म्हणून बाराही डब्यांवर कन्नड अक्षरांत — कमला नरसिंह. त्यातला एक रविकिरण जाताना लाडू भरून घेऊन गेला होता. समुद्राकाठी, नाझारेत, त्या झाकणावर माझ्या बायकोचं नाव आणि माझं नाव. कन्नडात.

एका क्षणात सगळं कळलं हो. पायरी, भात, तिसरी ताटली. पोरानं एक अख्खा दिवस आम्हाला त्यानं पसंत केलेल्या मुलीच्या बापाबरोबर बसवलं होतं — एकमेकांना जरा ओळखू देत, मग संध्याकाळी सांगू. साधं आहे. उठायचं, त्या लहान टेबलापाशी जायचं, हाताला धरून आणायचं, बसा म्हणायचं. दहा पावलं नव्हती.

मी झाकण उलटं ठेवलं. नाव खाली. कमलाला दिसू नये म्हणून.

का म्हणजे? ड्रायव्हर, हो! मी त्याला सकाळपासून काय काय सांगितलं होतं — काचा पूस, एसी कमी कर, इथं थांबू नको तिथं थांब. आणि आता तो माझा... आमच्यात मानपान किती असतो तुम्हाला माहीत असेल. मुलीचा बाप पहिल्यांदा दारात आला तर पायावर पाणी घालतात. आणि खरं सांगू का? मला लाज वाटली म्हणून नाही उलटं ठेवलं. तेही होतंच. पण मला वाटलं, नाव दिसलंच नाही असं केलं तर ही गोष्ट झालीच नाही. मुलगीही नाही, तिचा बापही नाही. लाडू खाल्ले, निघालो.

येताना पेनिश. ते त्याचं गाव. चार वाजता तिथं चहा आहे म्हणाला, हाऊस, माय हाऊस. मी म्हटलं, डोकं दुखतंय, सरळ लिस्बन. फाट्यापाशी त्यानं गाडी हळू केली. आरशात माझ्याकडं बघितलं. एकदाच विचारलं, सर, टेन मिनिट? मी म्हटलं, लिस्बन. त्यानं गिअर टाकला आणि फाटा मागं गेला. पेट्रोल पंपावर थांबून त्यानं फोन लावला, काय बोलला मला कळलं नाही, एकच शब्द कळला, रवी. त्या घरात रविकिरण होता. मीटिंग कसली — मुलगी आणि तो सकाळपासून तिथं, टेबल मांडून, दारात उभी दोघं. मी माझ्या पोराच्या दारावरनं गाडी पुढं न्यायला लावली. आणि ह्यानं फोनवर काय सांगितलं असेल? — तुझ्या वडिलांचं डोकं खरंच फार दुखतंय, पुन्हा कधीतरी. रविकिरणनंच मला नंतर सांगितलं. म्हणाला, अप्पा, त्यांना तुमची फार काळजी वाटली.

पण त्यानं बघितलं होतं. झाकण उलटं ठेवताना. मी मान वर केली तेव्हा तो त्या लहान टेबलावरनं माझ्याकडंच बघत होता.

लिस्बनला उतरलो तेव्हा डबा परत द्यायचा होता. उरलेले लाडू कमलानं रुमालात बांधून घेतले होते. आता रिकामा डबा कुणी परत देतं का? तुमच्याकडं पण नाही ना? शेजारणीची वाटी परत करताना निदान चमचाभर साखर तरी घालतात. कमला पर्स उघडून कोडुबळ्याची — आपली कडबोळी हो — पुडी शोधायला लागली. मी म्हटलं, राहू दे, ड्रायव्हरचा डबा आहे, दे तसाच. कमला थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "डबा माझा आहे."

एवढंच. बाकी काही नाही. म्हणजे तिला माझ्या आधीच दिसलं होतं. दिला मी तसाच. तिच्या देखत.

हो म्हटलं लग्नाला शेवटी. चार महिने नाही म्हटलं, मग एक दिवस कमला आपली एकटीची बॅग भरायला लागली, तेव्हा हो म्हटलं. गुरुवारी आहे, जयनगरच्या छत्रात, तुमच्याकडं कार्यालय म्हणतात ते. इनेश — मुलगी — आठ दिवसांपूर्वीच आलीय, गोड आहे पोर, लाडू अजून चपटेच करते. सगळं सुरळीत. फक्त हा आर्मांदो आहे ना, हा गेलं वर्षभर दर रविवारी मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवतो. समुद्राचा. खाली एकच शब्द — हेड? म्हणजे डोकं कसं आहे. मी लिहितो, ओके. पुढचा रविवार, पुन्हा समुद्र, पुन्हा हेड? बावन्न रविवार झाले हो. आता मला सांगा, हा माणूस काळजीनं विचारतो की टोचतो? कमलाला दाखवलं तर ती म्हणते, तुम्हाला काय वाटतं? रविकिरणला विचारायची सोय नाही, त्याला डोकेदुखी खरी वाटते. घरात मला माहीत, तिला माहीत, आणि तिकडं त्याला. आता तुम्हाला.

म्हणून आज कमलानं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, ड्रायव्हर नको, तुम्ही चालवा, एकटे जा. रविकिरण येतो म्हणत होता, त्याला तिनं फुलं आणायला पिटाळलं. इथनं, देवनहळ्ळीपासून जयनगर, आपल्या ट्रॅफिकमध्ये दोन तास तरी धरा. दोन तास तो शेजारी आणि मी. काय दाखवू त्याला? समुद्र नाही आमच्याकडं. तळी आहेत, त्यांना फेस येतो. आल्याबरोबर त्याला मागं बसवू की पुढं? मागं बसवलं तर मी ड्रायव्हर, पुढं बसवलं तर बोलावं लागणार. घरी पंगत मांडून ठेवलीय कमलानं. मला म्हणाली, ते तुमच्या शेजारी जेवायला बसले तर बसले, नाही बसले तर मी तुम्हाला वाढणार नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा असं बोलली. आणि तो बसेल का हो? मी असतो तर नसतो बसलो. माफी म्हणजे काय, इंग्लिशमध्ये सॉरी म्हणतात, पण सॉरी तर पायावर पाय पडला तरी म्हणतात. तेवढ्यानं होतं का —

थांबा. टोपी. ती टोपी. तो खांबाच्या पलीकडं — दिसला? त्या लाल साडीवाल्या बाईच्या मागं. माझ्याकडंच बघतोय. बोर्ड सरळ आहे ना? ... बघा, बघा, बोट कपाळाला लावलं. हेड? म्हणतोय. एवढ्या गर्दीतनं. आणि हसतोय हो. बॅग एका हातात, आणि दुसऱ्या हातात काय आहे ते — माझा चष्मा — डबा आहे. तोच. झाकणाला सुतळी बांधलीय, चारी बाजूंनी, गाठ मारून. रिकाम्या डब्याला कुणी सुतळी बांधतं का?

हा बोर्ड धरा तुम्ही. नको, टाकून द्या कुठंतरी. आणि स्वल्प बाजूला व्हा, अहो, सरका की — माझे व्याही आलेत.