हळदीचे फुटाणे

(उंद्रीच्या वाटेवरचं एक गाव. दुपार. गीता ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलते आहे. तिची सासू झुंबरबाई खांबाला टेकून बसली आहे. शेजारची नसीमा चावडीवरून धापा टाकत आली आहे.)

नसीमा : …आन् मडक्याच्या तोंडचा फडका सोडला तं काय, अर्धा कुरतडलेला! मडक्यात सरकीच सरकी. हरभरे हुडकाले लागले तवा कुठी चार-दोन सापडले.

गीता : म्हणजे शाळापट्टी मंजूर? गावानं हो म्हटलं?

नसीमा : थांब व गीताबाई, एवढी नको हरखू. उकंडराव असा उठला ना, जसा इच्चू चावला. म्हने, पट्टी नको म्हनून लोकायनं मोप हरभरे टाकले, मले तोंडानं सांगतलं. मंग गेले कुठी ते हरभरे?

झुंबरबाई : तोंडानं सांगतलं म्हने! मूठ झाकून टाकाची ते कायच्यासाठी? कोनाले समजू नये म्हनूनच ना? आन् हा बाप्पा घरोघर इचारत फिरला.

गीता : फिरले तर किसनराव पाटीलही. आपल्या घरी दोनदा आले. “झुंबरबाई, सरकीच ना?”

झुंबरबाई : तो तं फिरनच. शायेचा दुसरा वर्ग त्याच्याच गोठ्यात भरनार हाय. भाडं त्याले, पट्टी आपल्याले.

नसीमा : मुठी मोजाले आलेले नायबसाहेब तं हासून राह्यले होते. म्हने, हो म्हनाले सरकी, नाई म्हनाले हरभरा, असा कारभार मी कुठी पाह्यला नाई. म्हातारा रामराव म्हने, साहेब, आमच्या गावात असंच चालते. जत्रेचा दिवस ठरवाचा असो का पोळ्याचा मान. ज्याचं शेत, त्याची एक मूठ, मुठीत एकच दाना.

झुंबरबाई : आन् कालच उघडलं असतं मडकं तं हे झालंच नसतं. साहेबाची बैलाची दमनी नाल्यात फसली, आन् मडकं रातभर चावडीत राह्यलं. उंदरायचं घरच ते.

गीता : उंदीरच तर असतील मग. सरकीला कापूस चिकटलेला असतो, ती सोडली आणि हरभरे खाल्ले. त्यात एवढं काय?

नसीमा : हेच म्हनाले किसनराव. पन उकंडरावानं खाली वाकून काहीतरी उचललं. सालटं. मडक्याच्या बुडापाशी पडले होते. साध्या हरभऱ्याचे नाई. फुटान्याचे.

गीता : फुटाण्याचे?

नसीमा : हयद-मीठ लावून भाजलेले. पिवळेजर्द. गीताबाई, मी उगीच धावत नाई आली. या गावात फुटान्याले हयद कोन लावते?

गीता : …मी.

नसीमा : एक तूच. तुह्या माहेरची, खामगावची रीत म्हनून. समदं गाव खाऊन बसलं हाय तुह्या हातचे. आता उकंडराव म्हनते, कोनीतरी रातच्याले तथी बसलं, फुटाने खात खात हरभरे येचले, आन् उंदरावर नाव ढकलाले फडका फाडला.

गीता : मी?

नसीमा : नाव नाई घेतलं. पन शालिग्राम कोतवाल बोलून गेला. पाहाटे चावडीपाशी तुले पाह्यलं म्हने.

झुंबरबाई : पाहाटे तू घरात नव्हती. मले बी माहीत हाय. मी जागीच होती.

गीता : गेले होते. गाठ पाहायला.

नसीमा : कोनती गाठ?

गीता : मडक्याची. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उकंडरावांचा गडी चावडीपुढेच झोपतो, त्यानं रात्रीतून सोडलं तर? किसनराव तरी सोडणार नाहीत कशावरून? म्हणून गेले. लांबूनच पाहिली. गाठ जशीच्या तशी होती. हात नाही लावला.

झुंबरबाई : लांबून गाठ दिसली, आन् कुरतडलेला फडका नाई दिसला?

गीता : तो मागच्या बाजूनं असेल. माझ्यावर संशय घेता तुम्ही?

झुंबरबाई : मी कायले घेऊ? गाव घेऊन राह्यलं.

नसीमा : हे पाहा, भांडाले मंग टाइम हाय. साहेब म्हनते, आजच पुन्हा मुठी टाका. पन उकंडराव म्हनते, आधी फुटान्याचा चोर सापडू द्या. नाई सापडला तं या गावात इमान नाई, असं लिहून घ्या आन् काम बंद करा.

गीता : बंद म्हणजे शाळा गेली! कौन्सिलनं स्वच्छ सांगितलंय ना? गाव वाढीव पट्टी देत असेल तर दुसरे मास्तर, चौथीपर्यंत वर्ग आणि मुलींना बसायला जागा. नाही तर आहे ती शाळाही उंद्रीला. माझी शेवंता कशी जाईल रोज उंद्रीला? मध्ये नाला. सात वर्षांचं लेकरू ते.

झुंबरबाई : नाई गेली तं काय घर पडते?

गीता : आत्याबाई…

झुंबरबाई : इहिरीची पट्टी भरली आमी. इहीर कुठी खंदली? उकंडरावाच्या वावराच्या धुऱ्यावर. पानी त्याच्या संत्र्याले, आन् आमी घागर घेऊन उभ्या. आता शायेची पट्टी. लागलेली पट्टी कधी उठली का व, सांग. माह्या सासऱ्याच्या टायमाची एक अजून चालूच हाय. कायची होती ते पटवाऱ्याले बी माहीत नाई.

नसीमा : हे मातर खरं. आमच्या घरात बी हेच चालू हाय. शाया तुमची, पट्टी आमची बी. उर्दूचा मास्तर भेटन का, हे किसनरावाले इचारलं तं म्हनते, पाहू. हे ‘पाहू’ आमी लय पाह्यले. गुलाम रसूलनं काल काय टाकलं, मले अजून नाई सांगतलं. मी दोनदा इचारलं तं म्हने, भाकर वाढ.

गीता : आत्याबाई, एक विचारू?

झुंबरबाई : इचार.

गीता : काल चावडीवर जाताना मी तुमच्या मुठीत सरकी दिली. बियाण्याच्या गाडग्यातली. शेत तुमच्या नावावर, म्हणून मूठ तुमची.

झुंबरबाई : देल्ली होती.

गीता : ती टाकली?

झुंबरबाई : मूठ झाकून टाकतात ते कायच्यासाठी…

गीता : परवा मी फुटाणे भाजले. तुम्ही त्यातले कनवटीला बांधून घेतले. काल रात्री शेवंता मागत होती, “आजी, फुटाणा दे.” तुम्ही म्हणालात, संपले. तुम्हाला दात किती! एका दिवसात एवढे फुटाणे तुम्ही खाल्ले?

नसीमा : या अल्ला. काकू?

झुंबरबाई : काय काकू काकू लावलं!

नसीमा : तुमी फुटाना टाकला? हरभऱ्याच्या जागी?

झुंबरबाई : मंग काय करू? हरभरा कोठीत, वर. राख लावून ठेवलेला. काढाचा तं हिलेच म्हना लागते, गीते, मले हरभरा काढून दे. हिले तवाच समजलं असतं. कनवटीले होते तेच टाकले. हरभराच हाय ना तो? भाजला म्हनून काय गहू झाला?

गीता : टाकले? किती टाकले?

झुंबरबाई : होते तेवढे.

नसीमा : मूठभर!

झुंबरबाई : मले वाटलं, जड पडतीन. किसनरावानं बी एकच सरकी टाकली असन कशावरून?

नसीमा : अरे बाप्पा! आख्खी मूठ हयदीचे फुटाने! वास सुटला असन चावडीभर. गावातले समदे उंदीर जमा झाले असतीन, आन् एकदा बसल्यावर कायले सोडतात? फुटाने बी खाल्ले, कच्चे हरभरे बी. काकू, तुमीच ‘नाई’ म्हनलं, आन् तुमच्यापायीच गावाचं समदं ‘नाई’ उंदरायच्या पोटात गेलं!

झुंबरबाई : हास. मोठ्यानं हास. उकंडरावाले ऐकू जाऊ दे.

गीता : तुम्हाला माहीत होतं. नसीमाबी सालटं म्हणाल्या तेव्हाच कळलं तुम्हाला. आणि तुम्ही मला म्हणालात, पहाटे तू घरात नव्हती.

झुंबरबाई : नव्हतीच.

गीता : चोर ठरू देत होता मला.

झुंबरबाई : ठरू देत नव्हती. इचार करत होती.

गीता : कसला?

झुंबरबाई : तू चोर ठरते का मी खोटी ठरते याचा. दोन्हीत घर एकच.

नसीमा : मी… मी निघू का?

झुंबरबाई : बस. तुह्यासमोरच होऊ दे. हे पाह्य गीते, कौन्सिलचा कागद आला. किसनरावानं वाचला तं त्यात शाया होती. उकंडरावानं वाचला तं त्यात जप्ती होती, पट्टी नाई भरली तं भांडे उचलून नेतीन. तू वाचला तं त्यात शेवंता होती. कागद एकच. मी कोनाचं मानू? निवृत्ती खामगावहून पत्र धाडते. पोरगा माहा. तू वाचतानी मधातच थांबते, अन् मंग म्हनते, बाकी क्षेम. त्यातलं काय गायते तू?

गीता : …गाळते. थोडं.

झुंबरबाई : पाह्य! पाह्य नसीमा!

गीता : जे माझ्यासाठी लिहिलेलं असतं तेवढंच. ते काय मोठ्यानं वाचायचं असतं?

नसीमा : काकू, तेवढं सोडा तिले.

झुंबरबाई : सोडते. पन तेवढंच हाय का अजून काही, हे मले कसं समजाचं? घरात आता एक वाचनारी हाय. उद्या दोन होतीन. दोघी मिळून मधातच थांबतीन, आन् मी तोंडाकडे पाहात राहीन. त्याच्यासाठी माह्याच शेतावर पट्टी भरू?

गीता : शेवंता कुणाची आहे?

झुंबरबाई : कोनाची म्हंजे?

गीता : निजते कुणाच्या कुशीत? रुसली की कुणाकडे पळते? ती वाचायला लागली तर माझ्यासाठी नाही वाचणार, तुमच्यासाठी वाचेल. कौन्सिलचा कागद, पटवाऱ्याची पावती, तुमच्या मुलाचं पत्रसुद्धा. सगळं. तिला गाळता येतच नाही. परवा नसीमाबींना तोंडावर काय म्हणाली?

नसीमा : म्हने, “मावशी, आमची आजी म्हनते तुमच्या वांग्याच्या सालनात नुसतं पानी असते.”

झुंबरबाई : …असं म्हनली?

नसीमा : डोयात डोये घालून.

झुंबरबाई : मी तसं नव्हतं म्हनलं. मी म्हनलं, जरा पातय असते.

नसीमा : “नुसतं पानी.” पोरीनं एक अक्षर नाई गायलं.

झुंबरबाई : …मास्तर मारते का व पोरींले?

गीता : मारलं तर तुम्ही आहात ना.

झुंबरबाई : आन् तू मले फशवून राह्यली नाई कशावरून? तुले शाया पाह्यजे म्हनून गोड गोड बोलून राह्यली.

गीता : बोलतेच आहे. मला शाळा पाहिजे. ते मी कधी लपवलं?

झुंबरबाई : हाव. ते मातर नाई लपवलं.

नसीमा : काकू, काय सांगू तथी? साहेब घड्याय पाहून राह्यले होते.

झुंबरबाई : सांग उकंडरावाले, फुटान्याची धनीन येऊन राह्यली म्हना. स्वता सांगन, तोंडानं. त्याले तोंडानं सांगतलेलंच लय आवडते.

नसीमा : सगळ्यायसमोर? हासतीन ना लोकं.

झुंबरबाई : हासू दे. हिले चोर म्हनन्यापरीस मले हासलेलं बरं. आन् किसनरावाले बी तथीच इचारते, गोठ्याचं भाडं घेशीन का नाई ते सगळ्यायच्या पुढं सांग. आन् उर्दूच्या मास्तरचं बी. ‘पाहू’ नाई चालनार. चाल पोरी, हो पुढं.

नसीमा : मी चाललीच. गुलाम रसूललेही सांगते, भाकर नंतर भेटन, आधी मूठ दाखव म्हनून.

गीता : थांबा आत्याबाई. सरकी काढून देते गाडग्यातली.

झुंबरबाई : कायले? हे काय पदराच्या गाठीत. कालचीच. टाकून देल्ली नव्हती.

गीता : …ठेवली होती?

झुंबरबाई : बियान्याची होती ना. बियानं कोन फेकते? दे तो दंडुका. तू बी चाल संगं. तू घरात बसली तं म्हनतीन, सासूले पुढं करून लपली.

गीता : आले. आत्याबाई…

झुंबरबाई : आता काय?

गीता : सरकी तर पदराच्या गाठीत आहे. मग त्या मुठीत काय आहे?

झुंबरबाई : फुटाने.

गीता : पुन्हा?

झुंबरबाई : डब्यातले घेतले. पोरगी सकायपासून शायेच्या पायरीवर बसून हाय, अंदर घेतीन म्हनून. भुकेजली असन.