सांडव्याजवळची धूळ

नाई काका, चहा नको — राग नका मानू, तुमी देऊन राह्यले अन् मी नाई म्हणतो, बरं नाई दिसत ते — पण पाणीच बंद आहे ना जी माझं. काल सकाळपासून घोट नाई. जिमचे प्रणित सर म्हणते, अंगातलं पाणी गेल्याबिगर कातडी चिकटत नाई, अन् कातडी चिकटल्याबिगर स्टेजवर पोटाचे बिस्किटं दिसत नाई. मीठ तं आठ दिवसांपासून बंद. ओठ पाहा कसे फाटले. आज पाच वाजता वजन करते तिकडं हॉलमधी, उद्या स्पर्धा — म्हणलं दवाखाना जवळच आहे, मुखरू काका पाच दिवसांपासून बाकड्यावर एकटेच बसून आहे, भेटून घ्यावं. सरका जरासे. उभं राह्यलं का डोळ्यापुढं अंधारी येते मले.

काकू कशी आहे? — हव, ऐकलं, हात वाचन म्हणते डॉक्टर. बोटं हलन का नाई, ते कोणी सांगत नाई. — नाई नाई, आत नाई जात मी, झोपली असन. कशाले उठवायचं? मी इथीच बसतो, तुमच्यापाशी.

गावातल्या पोरायले वाटते बॉडी म्हणजे लोखंड उचलणं. उचलण्याचं काही नाई, भातगिरणीत दिवसभर पोतेच उचलतो मी. मारते ते खाणं अन् चालणं. बारा हप्ते झाले — सकाळी अंड्याचा पांढरा, दुपारी अंड्याचा पांढरा, पिवळं सारं कुत्र्याच्या पोटात, कुत्रं माझ्यापेक्षा चांगलं दिसून राह्यलं. अन् सांजच्याले तुमची मरळ. खोटं कशाले बोलू, तुमी रोज जाळ्यातली एक मरळ बाजूले काढून ठेवली नसती तं मी इथपर्यंत आलोच नसतो. काकूच आणून दे ना जी, उकडून, काटे काढून — अन् नाक मुरडे, म्हणे असं बिना तेला-मिठाचं तं आमी दुखणाईतालेही नाई देत. अन् मंग ते चालणं. कार्डिओ म्हणते त्याले. पहाटे, रिकाम्या पोटी, एक तास भराभर, एक दिवस चुकवायचा नाई. डांबरी रस्त्यावर ट्रकं अंगावर येते, म्हणून तलावाच्या पाळीवर जाऊन राह्यलो होतो मी. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

मार्चमधी वाघाचे ठसे दिसले होते, आठवते? काकूलेच दिसले होते. फॉरेस्टवाल्यायनं पाळ बंद केली दहा दिवस, पहाटे कोणी जायचं नाई. बरोबरच आहे त्यायचं, मी नाई म्हणतो का? पण मी कुठी चालू? आंगणात चाललो. आंगण केवढं आमचं — बावीस पावलं. बावीस पावलं जा, तुळशीपाशी वळा, बावीस पावलं या, एक तास. बाबा खाटेवर बसून पाहे, म्हणे घाण्याचा बैल बरा. अन् वजन उतरलं का? नाई उतरलं. उलटं अर्धा किलो वाढलं. सरनं असं झापलं मले — म्हणे अजून एक हप्ता असा गेला तं स्टेज विसरून जा. अन् इकडं बसस्टॉपवर बॅनर लागून गेलं, गावचा अभिमान म्हणून, माझा उघडा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून दहा जणायचे नावं. आता सांगा, मागं कुठी फिरू मी? जिथी जाईन तिथी लोकं दंड दाबून पाहे. रात्री डोळे मिटले का तेच बॅनर दिसे.

जाऊ द्या. माझं काय घेऊन बसलो मी. — ते डोळ्याचं खरं आहे का? तुमी काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेता म्हणून, अन् आता तिले जंगलात पायच टाकू देत नाई म्हणून? सरपंच सांगत होते. गावात तं सगळे तेच म्हणून राह्यले, रंभाचे डोळे गेले. मोनालीची माय सगळ्यायले सांगत फिरते — वीस वर्षं तिच्या भरवशावर मोहफुलं वेचाले गेलो बाई, तिनं वाकून सांडव्याजवळची धूळ पाहावी, ठसा नाई, साफ आहे म्हणावं, का आमी टोपल्या घेऊन आत. आता कोणाच्या भरवशावर जायचं? — अन् काकू सोताही तेच म्हणते म्हणे. मले दिसलंच नाई, माझीच चूक. म्हणते का? — रडते? रोज?

नाई काका, तसं नाई ते. डोळे चांगले आहे काकूचे. — कसं म्हणजे? केसासारखा काटा काढे ना ती मरळीतला, बलबाच्या उजेडात, एक नाई राहत होता घासात. असे डोळे कोणाचे आहे आपल्या गावात? — नाई. तेवढ्यावरून नाई म्हणत मी.

वाघाचे ठसे होते, काका. काकू याच्या आंधी होते. मी साडेचारलेच पोचलो त्या दिवशी, मोबाईलच्या उजेडात पाह्यलं — सांडव्याच्या खाली, जिथी धूळ पिठासारखी पडते ना, तिथी. चार-पाच. माझ्या पंज्याएवढे. मले वाटलं रात्रीचे असन, पाणी पिऊन निघून गेला असन. सहा दिवस राह्यले होते, काका, सहाच दिवस. फॉरेस्टवाल्यायले समजलं का पाळ बंद, अन् मी पुन्हा त्या बावीस पावलात. — पुसले मी. पळसाची फांदी मोडली अन् पुसून टाकले. बस, तेवढंच. — नाई, तेवढंच नाई. झाडल्यासारखं दिसून राह्यलं होतं तं वरून बुटानं चाललो, चार चकरा मारल्या, माणूस गेल्यासारखं दिसावं म्हणून.

मंग बाया आल्या. मी पाळीवरच होतो. काकू वाकली, लय वेळ पाह्यलं तिनं, चांगलं नीट पाह्यलं. मंग मले आवाज देला — "निकेश, तुले काही दिसलं का गा?"

मी म्हणलं, "नाई काकू, साफ आहे."

त्या आत गेल्या. मी चालत होतो. घड्याळात एक्केचाळीस मिनिटं झाले होते तवा ओरडणं ऐकू आलं. अन् काका — पाय नाई थांबले माझे. आठ-दहा पावलं अजून चाललो मी, तसाच. मंग पळालो. पळालो ना, सगळ्यायच्या आंधी मीच पोचलो, काकूले खांद्यावर मीच आणलं, गावानं पाह्यलं ते. त्यासाठीही मले शाबासकी देली लोकायनं.

असे नका पाहू. शिव्या द्या, मारा, नाई म्हणत नाई मी. फक्त उद्याचं होऊ द्या — उद्याचा एक दिवस — परवा मी सोता सरपंचाले सांगतो, फॉरेस्टवाल्यायले सांगतो, बॅनर सोताच्या हातानं काढतो. कोणाचीही शपथ घ्याले लावा. तवरोक तुमी काकूले सांगा का डोळे चांगले आहे तिचे, तुमचं ऐकन ती —

काय? — मी सांगू? आता? नाई जी काका, पाच वाजता वजन आहे माझं, सर वाट पाहून राह्यले — अन् झोपली असन ना ती. — जागी आहे? — तं तुमी संगं चला. दारापर्यंत तरी चला ना जी. मले एकट्यानं नाई होणार.

नाई?

बरं. — कोणता पलंग आहे?