दीपमाळ वाकडी

मंडळी, आज एकच सवाल. देवळात उभं राहून खोटं बोलायला शब्द किती लागतात? काय म्हणता आजी, पुष्कळ? अहो, दोन पुरतात! ऐका.

निंबदरे नावाचं गाव. तिथले जोशी हरभट. पाच गावं त्यांच्या शब्दावर मुहूर्त धरायची. अन् देवळात झाडलोट करायची साळू गुरवीण. अक्षरओळख नाही! — हसू नका, मी तरी चौथीतनंच पळालो.

ही साळू रोज भर दुपारी दीपमाळेच्या सावलीचं टोक टेकेल तिथं फरशीवर चुन्याचा ठिपका द्यायची. वाळवण कुठं घालावं ते कळावं म्हणून! असे तीन हिवाळे गेले, अन् तिनं हरभटांना गाठलं.

"भटजीबाबा, संक्रांतीला सूर्य माघारी फिरतो न्हवं?"

"फिरतो."

"मग सावली तीन आठवडे आधीच का आखडायला लागती? संक्रांतीपत्तुर हातभर आत येती!"

"पोथी खोटी का गं मग?"

"लिवणाऱ्यानं बी वर बघूनच लिवली आसंल की! त्याला कैक पिढ्या झाल्या. तवापासनं आभाळ सरकलं आसंल."

हरभट खेकसले तिच्यावर. पण पुढच्या मार्गशीर्षात काठी घेऊन स्वतःच माळेखाली! रोज मोजायचे, घरी पानातला भात निवायचा. अन् बाईचे ठिपके खरे निघाले! म्हातारा लहान पोरासारखा हरखला. म्हणाला, "साळू, संक्रांतीला सगळ्यांदेखत सांगतो."

संक्रांत आली. पाची गावं देवळात जमली. साळूला कुठला दम — तिनंच आधी सांगून टाकलं! पाटील कडाडले, "सूर्य तुला इचारून फिरतो व्हय गं? भटजी, तुम्ही सांगा. पोथी चुकली, तर आमची लग्नं-मुंजी समद्या चुकल्याच म्हणायच्या?"

हरभटांनी समोर बघितलं. पाच गावची डोकी. त्यांत साळू — हसत उभी! तिला खात्री! हरभटांनी उपरणं सावरलं. अन् ते बोलले —

"दीपमाळ वाकडी."

झालं!

गवंड्यानं चारी बाजूंनी ओळंबा सोडला. ओरडला, "अहो, केसाचा फरक न्हाई!" पाटील म्हणाले, "भटजी म्हणतात वाकडी, म्हणजे वाकडी! ओढा!" दोरखंड बांधले, बैल जुंपले. सरळ माळ सरळ करायला निघाले, मंडळी! हरभटांनी तोंड उघडलं... मिटलं. तिसऱ्या ओढीला माळ आडवी!

ठपका कुणावर? साळूवर! अपशकुनी म्हणून देवळातनं काढली. गाठोडं घेऊन जाताना ती हरभटांपाशी थांबली.

"बाबा, आता सावलीच न्हाई. झाली तुमची पोथी खरी."

हरभट पुढं वीस वर्षं जगले. दर संक्रांतीला म्हणायचे, "आज सूर्य फिरला." फक्त फरशीवरच्या चुन्याकडं बघायचे नाहीत.

तुम्ही तिळगूळ खा हो खुशाल! सूर्याला राग नाही. पण ते दोरखंड कुणी ओढले? राक्षसांनी? तुमच्या-माझ्यासारख्यांनीच! आता देवाचं नाव घ्या अन् टाळी वाजवा — पण ज्यानं कुणाचं खरं गिळलंय, त्यानं हात खाली ठेवायचे.

बघू, किती टाळ्या पडतात.