आज गप्प बसणार नाही

शिवणकाम करणाऱ्या काकू बायकांच्या दवाखान्यात नंबर लावून बसल्या होत्या. समोर नंबर देणाऱ्या बाईंच्या खिडकीपाशी एक सासू दिवस भरत आलेल्या सुनेला घेऊन उभी होती.

"कालपासून हिच्या बाळाची हालचाल कमी झालीय. आधी हिला आत घ्या."

"एकोणीस नंबर आहे तुमचा, बसा. शेवटी शेवटी बाळं शांतच होतात, मावशी."

"हे डॉक्टरांनी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांच्या पोटात आहे का ते?"

"आई, जाऊ द्या ना. लोक बघताहेत."

"बघू देत! काल तू सांगितलंस, तर माझा लेक म्हणाला, मनाचे खेळ आहेत. मीही तोंड मिटून बसले. आज नाही बसणार."

काकू उठल्या. "माझा नंबर दुसरा आहे, तो हिला द्या."

"असे नंबर बदलता येत नाहीत."

"मग मीच डॉक्टरांचं दार वाजवते."

दार उघडलं. नर्सनं पोटावर हात ठेवला, दोन प्रश्न विचारले आणि सुनेला तडक आत नेलं.

काकूंची तपासणी झाली, तरी त्या घरी गेल्या नाहीत. तासाभरानं लेकाशी बोलताना सासूचा आवाज फोनवर चढला.

"मुलगी झाली, ऑपरेशन करून. दोघी सुखरूप आहेत. ये, आणि आधी बायकोची माफी माग. माझी मागून झाली."