मधल्या फळीवर

ऑपरेशनपूर्व तपासणीच्या खोलीत माझ्या पुढचा नंबर एका म्हाताऱ्याचा होता. शेजारी बायको. सिस्टर फॉर्म भरत होती.

“काका, काम काय करायचात?”

“नावाडी. पन्नास वर्षं माणसं पलीकडे पोचवली.”

“आधीच्या ऑपरेशननंतर कधी भ्रम झाला होता? माणसं न ओळखणं, भलतंच बोलणं?”

“छे! हर्नियाच्या वेळी चौथ्या दिवशी ठणठणीत घरी आलो.”

“झाला होता, सिस्टर. तीन दिवस.”

“काहीतरीच काय! मला कधी बोलली नाहीस?”

“तुमच्या जिवाला लागलं असतं.”

“बरं झालं सांगितलंत, काकू. एकदा झालं की पुन्हा व्हायची शक्यता जास्त. आम्ही आधीच तयारीत राहू. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवा, घरचं माणूस समोर असू द्या. तेव्हा काय करत होते?”

“पलंगाची नाव केली होती. मला म्हणाले, बाई, मधल्या फळीवर बसा, पाण्यात हात घालू नका.”

“मग तू काय केलंस?”

“बसले तुमच्या पायाशी. तुम्ही वल्हवत होतात. खूप धुकं आहे म्हणालात.”

“तुला ओळखलंच नाही?”

“नाही. पण फार जपून नेत होतात.”

“पोचलो का पलीकडे?”

“कुठलं! मध्येच शुद्धीवर आलात आणि चहा मागितलात.”

“काकू, मग इथे ‘हो’ लिहिते.”

“लिहा.”

“सिस्टर, माझ्या पायाशी थोडी जागा राहू द्या. हिला पलीकडे पोचवायचं राहून गेलंय.”