खरं सांगा, हात कुणी ओढला?

...अन् वर त्यो डॉक्टर माझ्याकडंच बघून इचारतोय, "हात ओढला का हिचा कुणी?" माझ्याकडंच का? तितं सून वैजयंती होती, आमची कारभारीण सोनाबाई होती, दोन वर्षांची नात इंदू तर रडतच होती... मग डोळं माझ्यावरच? मला सांगा, संशय येणार का न्हाय?

तुमाला सांगतो, झालं काय... सकाळी इंदूला घिऊन कोपऱ्यावर निघालो, शेंगाचटणी आणायला, तर पोरगी भर रस्त्यात फतकल मारून बसली. कशाला? मुंग्या बघायला! अवो, मुंग्या घरात काय कमी हायत? तेवढ्यात एमआयडीसीकडनं टॉवेलचे गठ्ठे भरलेला टेम्पो आला, हॉर्न न्हाय, काय न्हाय... मी धरलं तिचं मनगट अन् दिला हिसडा! पोरगी वाचली. पण कोपरात बारीक 'कट्' झालं, अन् तिनं जो सूर लावला म्हंता... हात नुसता लोंबतोय, हलवंना, कुणाला शिवू दीना.

घरी येतोय तर वैजयंती दारातच. "मामा, काय झालं?" मी म्हणलं, "पडली." आता का म्हणलं? तर मागच्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "मामा, तिला हाताला धरून ओढत जाऊ नका." कुठल्या तोंडानं सांगायचं?

सोनाबाई तेलाची वाटी घिऊन आली, "जरा चोळते की." सून म्हणाली, "नको आत्या, दवाखान्यात जाऊ." रिक्षात सून माझ्याकडं बघतीया, सोनाबाई बी बघतीया, आरशातनं रिक्षावाला बी बघतोय! त्येचा काय संबंध? मला सांगा, संशय येणार का न्हाय?

डॉक्टरचं नाव गुरुराज. कोवळं पोरगं हो, मिशी बी धड फुटली न्हाय! मला तर वाटलं, खरा डॉक्टर जेवायला गेला असंल, हा त्येच्या खुर्चीत बसलाय. त्यो म्हणाला, "पडली असेल तर हाड मोडलंय का बघायला आधी एक्सरे काढू. नुसता ओढला असेल, तर सांधा जरासा सरकलाय, आत्ता बसवतो. खरं सांगा."

सोनाबाई छताकडं बघतीया. अन् इंदू, हुंदके देत देत, दुसरा चांगला हात माझ्याकडं पसरून म्हणते, "आबा..." घ्या! जिचा हात मी ओढला, ती माझ्याकडंच झेपावतीया...

"मी ओढला," म्हणलं. "टेम्पो आलता."

वैजयंती इंदूला मांडीवर घिऊन डॉक्टरफुडं सरकली.

डॉक्टरनं कोपरावर अंगठा ठेवला, हात फिरवला, दुमडला... टुक्!

"झालं."

"झालं? सुई न्हाय, प्लास्टर न्हाय, साधी पट्टी बी न्हाय?"

"नाही आजोबा. दहा मिनिटं बाहेर बसा, हात वापरते का बघा."

ह्याला काय अर्थ हाय? आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मागावरचा तुटका धागा जोडायला बी ह्येच्यापेक्षा येळ लागतो! मला सांगा, संशय येणार का न्हाय? मी बाहेर बसून तिच्या हाताकडं टक लावलेली, पापणी लवू दिली न्हाय. चार मिनिटं झाली, पाच झाली... अन् त्याच हातानं तिनं माझा चष्मा वढला अन् भिरकावला लांब! काच फुटली. अन् मी, तुमाला सांगतो, तितं फरशीवर बसून रडलो.

डॉक्टरनं सांगितलं, "पाच वर्षांची होईपर्यंत हाताला धरून ओढायचं नाही, लोंबकळवायचं नाही. बगलेत धरून उचला." बरं बाबा.

परत येताना वैजयंती हळूच म्हणाली, "मामा, टेम्पोचं आधीच का नाही सांगितलं? मी काय बोलले असते का?"

"तसं न्हाय... पण बोलली असतीस."

"हो, बोलले असते," म्हणाली अन् हसली.

झालं, मिटलं असं वाटलं मला. पण त्या दिवसापर्यंत आबा, पापा, भूभू एवढंच बोलणारी ही पोरगी, तिनं दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला आपलं पहिलं अख्खं वाक्य ऐकवलं, "आबानी हात वोढला!" मग इस्त्रीवाल्याला. मग देवळात पुजाऱ्याला. मग बँकेच्या रांगेत, बोट माझ्याकडं करून, सगळ्यांना! लोक वळून वळून बघत्यात... अन् मी काय म्हणू?

खोटं तर न्हाय की!